यादी पाठ झाली, वाक्य राहिलं

पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की वाशिममधली मुलं एक झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येतात. स्पायरल बाइंडिंग केलेली, ओळखीतल्या कोणीतरी पुण्याहून नाहीतर नागपूरहून आणलेली. आत ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत इंग्रजी शब्द आणि प्रत्येकासमोर एकेक मराठी अर्थ. ‘अ‍ॅबेट’, ‘अ‍ॅबरंट’, ‘अ‍ॅब्स्टेमियस’ अशी सुरुवात. पहिल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा दाट असतात, पुढे विरळ होत जातात. “मॅडम, हे सारं पाठ केलं तर इंग्रजीचा पेपर निघन ना?” हा प्रश्न ठरलेला.

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण रात्री जागून शब्द पाठ केलेल्या मुलाला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. त्याची मेहनत खरी असते. ती कुठे लावायची हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षांमधलं इंग्रजी नेमकं काय तपासतं, हे मला फार उशिरा आणि बाबांच्या पैशांवर समजलं. निदान पुढच्यांना ते फुकटात समजावं.

मी वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २०००च्या जूनमध्ये. त्या वर्षी मी पाचवीत गेले आणि धाकटा भाऊ पहिलीत. त्यामुळे एकाच घरात, एकाच वर्षी आम्ही दोघं एबीसीडी गिरवायला बसलो. पुढे वाशिमला बीएस्सी केलं. पर्यावरणशास्त्र शिकायला अमेरिकेत जाता येईल, असं एका प्राध्यापकांनी मनात भरवलं, आणि त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागते हेही त्यांनीच सांगितलं. सोयाबीनचे पैसे आले तसे बाबांनी ते माझ्या हातावर ठेवले आणि मी एका मोठ्या शहरातला क्लास लावला. ते वर्ष होतं २०१२.

क्लासने पहिल्याच दिवशी जाडजूड बाड दिलं. शब्दांच्या याद्या, विरुद्धार्थी शब्द आणि ‘अ‍ॅनॅलॉजी’, म्हणजे एका जोडीत जे नातं आहे तेच नातं असलेली दुसरी जोडी ओळखायची. रोज यादी, दर शनिवारी यादीवर चाचणी. आम्ही इमानदारीने सगळं पाठ केलं. आमच्या बॅचमध्ये नांदेडची, यवतमाळची मुलं होती. एकमेकांना बसमध्येसुद्धा शब्द विचारायचो. परीक्षेच्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर विरुद्धार्थी शब्दांचा एकही प्रश्न नव्हता. अ‍ॅनॅलॉजीचाही नव्हता. हे दोन्ही प्रकार परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने २०११च्या ऑगस्टमध्येच बंद केले होते. त्यांच्या जागी आले होते परिच्छेद. एकेका परिच्छेदात दोन किंवा तीन गाळलेल्या जागा, प्रत्येक जागेला तीन पर्याय, आणि सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण. दोन बरोबर आणि एक चूक म्हणजे शून्य. पर्यायांतले बरेचसे शब्द मला येत होते. वाक्य मात्र कुठून कुठे चाललं आहे तेच कळत नव्हतं.

भाषेच्या विभागात गुण इतके कमी पडले की ज्या विद्यापीठाकडून शिष्यवृत्तीची आशा होती ते दार बंद झालं. बाबा एवढंच म्हणाले, “पैशाचं नको पाहू माय. पण इतके दिवस त्यायनं तुले शिकवलं काय?” क्लासला नवा नमुना माहीत होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. फी मात्र पूर्ण घेतली होती. पुढे मी अमरावतीला एमएस्सी केलं, वाशिमला शिकवू लागले, आणि संध्याकाळी प्रवेश परीक्षांना बसणाऱ्या मुलांसोबत इंग्रजी घेऊन बसू लागले. बाबांचा प्रश्न या मुलांच्या घरी कोणाला विचारावा लागू नये, इतकंच मनात होतं.

आपल्या भागात ही अडचण नेमकी पदवीनंतरच का उभी राहते, तेही सांगायला हवं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे चार आहेत, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवसोबत आपलं नाव आहे. इथली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली. पदवीला इंग्रजी असतं, पण पाठ, कविता, पत्रलेखन आणि ठरलेली उत्तरं यांवर ते निघून जातं. बाहेर पडायचं ठरवलं की मग कॅट, एमबीए-सीईटी, गेट, सीयूईटी-पीजी किंवा जीआरई समोर येते. मुलाला सत्तर टक्के असतात आणि तरी इंग्रजीचा एक परिच्छेद त्याला अडवतो. मग तो स्वतःलाच कमी समजू लागतो. रिसोड, मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, कुठलंही मूल घ्या, हे मी सतत पाहते. आणि तेच मला सहन होत नाही, कारण त्या मुलात काही कमी नसतं.

तेव्हा पहिली गोष्ट. ‘प्रवेश परीक्षेचं इंग्रजी’ असं एकच काही नसतं. प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं आणि ते बदलत राहतं. आयआयएमसाठीच्या कॅटमध्ये भाषेच्या विभागाला ४० मिनिटं असतात. अलीकडच्या वर्षांत तिथे २४ प्रश्न आले, त्यातले १६ उताऱ्यांवरचे. उरलेल्यांत विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावायची, परिच्छेदाचा सारांश निवडायचा, न बसणारं वाक्य शोधायचं. शब्दाचा अर्थ सांगा, असा सरळ प्रश्न तिथे नसतोच. याउलट आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या एमबीए परीक्षेत २०० पैकी ५० प्रश्न इंग्रजीचे असत आले आहेत. त्यांत व्याकरणाच्या चुका, समानार्थी शब्द, वाक्प्रचार हे सगळं येतं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गेटमध्ये १०० पैकी १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, इंग्रजीचा वाटा त्यातच. इंजिनीअरिंगची मुलं तिकडे लक्षच देत नाहीत आणि दोन-चार गुणांनी मागे राहतात. सीयूईटी-पीजी सुरू झाली तेव्हा बहुतेक विषयांच्या पेपरला इंग्रजी आकलनाचा भाग जोडलेला होता. २०२४पासून तो काढला आणि पेपर विषयाचाच राहिला. इतिहासात एमए करायला निघालेली एक मुलगी त्यानंतरही इंग्रजी शब्दांची यादी घोकत बसली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि आयईएल्टीएस ही या सगळ्यांहून निराळी आहे. परदेशात शिकताना तुम्ही ऐकू, बोलू, वाचू, लिहू शकता का, एवढंच ती पाहते. तिला अवघड शब्द लागत नाहीत. जीआरईचं बाड घेऊन आयईएल्टीएसची तयारी करणारी मुलं भेटली की त्यांना आधी मी ते बाड मिटायला लावते.

नमुना कुठे पाहायचा? परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर. ईटीएस जीआरईच्या दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट देते. गेटच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. कॅटच्याही पाहायला मिळतात. कोणत्याही क्लासची फी भरण्याआधी त्यांना मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका दाखवायला सांगा आणि त्यातला एक प्रश्न तिथल्या तिथे सोडवून मागा. जो शिक्षक फळ्यासमोर उभा राहून वाक्य उलगडून दाखवतो, त्याच्याकडे जा. जो तुमच्या हातात यादी ठेवतो, त्याच्याकडे पैसे ठेवू नका. सगळी फी एकरकमी मागत असतील तर निघून या. हे मी फार जोर देऊन सांगते.

आता वाक्य उलगडणं म्हणजे काय ते बघू. मागच्या वर्षी मी मुलांना एक वाक्य रचून दिलं होतं. ‘फार फ्रॉम बीइंग डॅश, हर प्रोज इज सो डॅश दॅट सम रीडर्स मिस्टेक इट फॉर केअरलेसनेस.’ पहिल्या जागेसाठी पर्याय होते ‘ऑर्नेट’, ‘ऑस्टिअर’, ‘क्लम्झी’. दुसरीसाठी ‘लॅव्हिश’, ‘स्पेअर’, ‘ओपेक’. एका मुलाने क्षणात ‘ऑस्टिअर’ आणि ‘ओपेक’ निवडले. का, विचारलं तर म्हणाला, “सगळ्यात कठीण हेच दिसले, मॅडम.” यादीने त्याला हीच सवय लावली होती. अवघड परीक्षा आहे, म्हणजे अवघड शब्दच बरोबर असणार.

मी त्याला पर्याय हाताने झाकायला लावले. आधी नुसतं वाक्य वाच. ‘फार फ्रॉम बीइंग’ म्हणजे आपण म्हणतो तसं, ‘अमुक असणं तर दूरच, उलट...’ म्हणजे दोन्ही जागा एकमेकींच्या उलट आहेत. आता शेवट बघ. काही वाचकांना तिचं लेखन निष्काळजी वाटतं. लेखन निष्काळजी कधी वाटेल? नटवलेलं, सजवलेलं असेल तर नाही वाटणार. फार साधं, मोजक्या शब्दांतलं असेल तर वाटेल. म्हणजे दुसऱ्या जागी ‘साधं’ हवं आणि पहिल्या जागी ‘नटवलेलं’. आता हात काढ. ‘ऑर्नेट’ त्याला येत होता. ‘स्पेअर’ म्हणजे त्याच्या लेखी गाडीचा जादा टायर. पण वाक्यानेच त्याला सांगितलं की इथे अर्थ ‘मोजकं, बिनअलंकाराचं’ असा असणार. यादीत ‘स्पेअर’ नव्हताच, कारण तो सोपा शब्द समजला जातो.

या परीक्षा इथेच माणसाला गाठतात. ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने येतात. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे लायक माणसाचा पाठिंबा नव्हे; हातचं राखून दिलेला, अटी घातलेला पाठिंबा. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. कोणता ते वाक्य ठरवतं. ‘चेक’ म्हणजे तपासणं, तसंच रोखून धरणं. यादी शब्दासमोर एकच अर्थ ठेवते, आणि तो एकच अर्थ पाठ असला की दुसऱ्याची शंकासुद्धा येत नाही. म्हणून मुलांना मी वही ठेवायला लावते. तीत सुटा शब्द लिहायचाच नाही. ज्या वाक्यात तो भेटला ते अख्खं वाक्य लिहायचं, खाली त्या वाक्याचा मराठीत अर्थ, आपल्या बोलीत लिहिला तरी चालेल. रोज पाच-सहा वाक्यं पुरे. पण ती कालच्या वाचनातली हवीत, कोणाच्या झेरॉक्समधली नकोत.

शब्दांच्या मुळांचा उपयोग मात्र जरूर करा, आणि इथे आपण मराठी मुलं मागे नाही, पुढे आहोत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. मातृ आणि ‘मॅटर्नल’, दंत आणि ‘डेंटल’, मृत आणि ‘मॉर्टल’, नव आणि ‘नॉव्हेल’, वाक् आणि ‘व्होकल’, ‘व्होसिफरस’. ज्ञा हा धातू ग्रीक आणि लॅटिनमध्ये ‘ग्नो’ होऊन भेटतो, म्हणून ‘डायग्नोसिस’, ‘कॉग्निशन’, ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ यांच्या पोटात ‘जाणणं’ आहे. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ला मराठीत अज्ञेयवादी म्हणतात, नकाराचा ‘अ’ दोन्हीकडे तसाच, धातूही तोच. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बदलतात, कारण इंग्रजी ही पार परक्या घरची भाषा आहे ही भीती जरा सैल होते. सावधगिरी एवढीच की दिसायला सारखे सगळेच शब्द नात्यातले नसतात. मुळावरून अंदाज बांधायचा आणि वाक्यावरून तो पडताळायचा.

व्याकरणाचं मात्र थोडं थांबून सांगते, कारण माझ्या मते आपल्या मुलांचे सर्वांत जास्त गुण इथेच वाया जातात आणि इथेच ते सर्वांत लवकर परत मिळवता येतात. एमपीएससीच्या तयारीमुळे वाशिममधल्या कितीतरी घरांत मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ असतं. कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग मुलांना पाठ असतात. इंग्रजीसाठी ती वेगळं पुस्तक उघडतात आणि आधीचं विसरून जातात. तसं करू नका. तुमच्या इंग्रजीच्या चुका मराठीतून येतात, तेव्हा मराठी नीट पाहिली की त्या पकडता येतात.

कर्मणी प्रयोगच घ्या. ‘मी भाकर खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. खाणारी मी, पण क्रियापद भाकरीमागे आणि आंब्यामागे गेलं. क्रियापदाने कर्त्याला सोडून दुसऱ्यामागे जाणं आपल्या कानाला चालतं. इंग्रजीत नाही चालत. तिथे क्रियापद कर्त्याला बांधलेलं, मध्ये कितीही शब्द येवोत. ‘द क्वालिटी ऑफ द सोयाबीन सीड्स सोल्ड इन दीज शॉप्स...’ पुढे ‘इज’ की ‘आर’? जवळ ‘सीड्स’ आहे, त्याहून जवळ ‘शॉप्स’ आहे, म्हणून आपली मुलं ‘आर’ भरतात. कर्ता ‘क्वालिटी’ आहे, म्हणून ‘इज’. परीक्षक मुद्दाम मध्ये अनेकवचनी शब्द पेरतात. उपाय सरळ आहे: ‘कशाबद्दल बोलतोय?’ हा प्रश्न विचारायचा, आणि ‘ऑफ’पासून पुढचं सगळं क्षणभर पेन्सिलीखाली झाकायचं.

दुसरी चूक ‘जरी–तरी’ची. आपण ‘जरी तो आजारी होता तरी आला’ म्हणतो. दोन्ही शब्द लागतात. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आला की पुढे ‘बट’ येत नाही, एकच जोड पुरतो. तीच गत ‘कोणीच काही सांगितलं नाही’ची. मराठीत ‘कोणीच’सोबत ‘नाही’ येऊन अर्थ घट्ट होतो. लेखी इंग्रजीत दोन नकार म्हणजे चूक. ‘पेक्षा’ म्हटलं की मुलांच्या हातून ‘दॅन’ उतरतं, पण ‘सुपीरिअर’, ‘सीनिअर’, ‘प्रिफर’ या शब्दांपुढे ‘टू’ लागतं. ‘पाच वर्षांपासून’चं ‘सिन्स फाइव्ह इअर्स’ होतं. तिथे ‘फॉर’ हवं, कारण पाच वर्षं हा कालावधी आहे, आणि ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, ‘सिन्स २०२०’ असा.

लोंबकळणाऱ्या कृदंतांचा प्रश्न व्याकरण विचारणाऱ्या परीक्षांचा आवडता. ‘रीचिंग होम, द रेन स्टार्टेड.’ वाचताना चूक जाणवत नाही, कारण आपण मनात ‘घरी पोचल्यावर पाऊस सुरू झाला’ असं म्हणतो आणि ते मराठीत बरोबरच आहे. पण ‘ल्यावर’ऐवजी ‘ऊन’ लावून बघा. ‘घरी पोचून पाऊस सुरू झाला.’ कान लगेच अडतो. पोचणारा एक आणि सुरू होणारा दुसरा, हे ‘ऊन’ खपवून घेत नाही. इंग्रजीतलं वाक्यारंभीचं ‘आयएनजी’ही तेच खपवून घेत नाही. मनात ‘ऊन’ लावून पाहण्याची ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. मुलांसोबत बसून वाक्यं तपासताना ती हाती लागली, आणि ती सहसा दगा देत नाही.

‘ओन्ली’ची जागा चुकते तेव्हा ‘च’ आठवा. ‘मीच काल वाशिमला गेले’, ‘मी कालच वाशिमला गेले’, ‘मी काल वाशिमलाच गेले’. एक अक्षर हललं की अर्थ हलतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. परीक्षेतल्या वाक्यात ‘ओन्ली’ दिसला की मनात ‘च’ कुठे बसवायचा ते ठरवा आणि त्याच शब्दाशेजारी ‘ओन्ली’ ठेवा. आणि ‘अ’, ‘द’ यांचा बराचसा उलगडा आपल्या गोष्टींतच आहे. ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा आला तेव्हा ‘एक’ राजा, दुसऱ्यांदा आला तेव्हा तो ओळखीचा झाला. पहिला ‘अ किंग’, दुसरा ‘द किंग’. सगळे अपवाद यात बसत नाहीत, पण निम्म्याहून अधिक चुका इथेच थांबतात.

याउपर नियमांचं पुस्तक लागलंच तर रेन आणि मार्टिन घ्या, आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असेल तर तीही काढा. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून भाषा शिकवायची तर्खडकरांची रीत आज जुनी समजतात. मला ती समजूत पटत नाही. दोन भाषांतली वाक्यं शेजारी ठेवली की कोणती कुठे वळते ते दिसतं, आणि गाळलेली जागा भरायला तेच दिसावं लागतं.

वाचनाला पर्याय नाही, हे सगळेच सांगतात. कसं वाचायचं ते कोणी सांगत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या. पूर्ण वाचायचा हट्ट नको. एक परिच्छेद वाचा आणि लेखकाचं म्हणणं एका मराठी वाक्यात सांगा. मग दुसरा. माझ्याकडच्या मुली हे वऱ्हाडीत करतात: “हा बाबा म्हणते का योजना चांगली हाय, पण पैसा येळेवर येत नाही.” या एका वाक्यात कॅटचा सारांशाचा प्रश्न सुटतो, कारण त्यात लेखकाचा ‘पण’ पकडला गेला. परीक्षेतले चुकीचे पर्याय बहुधा हा ‘पण’ गाळतात किंवा फुगवतात. ‘योजना फसली आहे’ असा पर्याय दिलेला असतो आणि घाईत तो बरोबर वाटतो. लेखक तेवढं म्हणालाच नव्हता. विषय मात्र बदलत राहा. शेती आणि राजकारणाची सवय असते, म्हणून कलेवरचा, जीवशास्त्रावरचा, तत्त्वज्ञानावरचा परिच्छेद मुद्दाम घ्या. परीक्षेत नेमका तोच येतो.

अंदाजाने उत्तर द्यायचं की नाही, हेही परीक्षेवर आहे. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जीआरईतही नाही; शिवाय तिथे भाषेच्या पहिल्या भागात जसं कराल तशी दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या भागात घाई करायची नाही. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन आणि पर्यायी प्रश्नातल्या चुकीला उणे एक. टंकून द्यायच्या उत्तराला मात्र उणे नाही. सीयूईटीत अधिक चार, उणे एक. गेटच्या पर्यायी प्रश्नात एक तृतीयांश कापले जातात. जिथे गुण कापतात तिथे दोन पर्याय बाद करता आले तर उत्तर द्या, एकही करता आला नाही तर पुढे चला.

पैशाची अडचण आहे म्हणून बाहेरची स्वप्नंच सोडून देणारी मुलं फार आहेत. त्यांना मी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांचं नाव सांगते. लोणार तालुक्यातलं पिंपरी खंदारे हे त्यांचं गाव, घरातली शिकणारी पहिली पिढी. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकून, पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. त्यांनी सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना चांगल्या संस्थांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्था प्रशिक्षणाच्या योजना काढतात. त्यांच्या जाहिराती आणि मुदती वर्षागणिक बदलतात, म्हणून कॉलेजच्या फलकावर विसंबू नका, स्वतः बघत राहा. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी इथे विचारलेलं बरं.

राहिला वेळ. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस शेतात असतं आणि अभ्यास बंद पडतो. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचे असतात. म्हणून कॅट द्यायची असेल तर वाचन जूनमध्ये, पेरणी उरकली की सुरू करा. सोंगणीच्या दिवसांत रात्री एक परिच्छेद आणि त्याचं एक मराठी वाक्य, एवढंच ठेवा, ते मात्र चुकवू नका. गेट फेब्रुवारीत येते, तिचे अर्जही ऑगस्टच्या अखेरीपासून सुटतात. सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमारास, एमबीएची सीईटी त्याच्या आगेमागे. जीआरई वर्षभर देता येते आणि तिचे गुण पाच वर्षं चालतात, तेव्हा ती घाईने देऊ नका. शेतातली कामं संपल्यावरची तारीख घ्या. आयईएल्टीएसचे गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून ती अर्ज करण्याच्या वर्षीच द्या. आणि पासपोर्टवरचं नाव दहावीच्या सनदेवरच्या नावाशी जुळतं का, हे आजच पाहून ठेवा. आपल्याकडे वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग कागदागणिक बदललेलं असतं, आणि ते दुरुस्त करायला शब्द पाठ करण्यापेक्षा जास्त महिने जातात.